गाठ नसलेलं पोलकं

मुलांनो,

गेल्या आठवड्यात तुमच्यातल्या धाकटीने फोनवर तक्रार केली. तिने घरबसल्या टी-शर्टचं कापड मागवलं होतं. फोटोत ते जाड दिसत होतं, हातात आलं तेव्हा पातळ निघालं, आणि शिवून एकदा धुतल्यावर अंगात जाईना. मग तिने विचारलं, "आजी, तुमच्या वेळी असलं कापड मिळायचं तरी का?" तिला कामावर जायचं होतं, म्हणून मी "मिळायचं" एवढंच सांगितलं. राहिलेलं उत्तर इथे लिहिते आहे. दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मला पुन्हा सरळ ओळीत लिहिता येतं, तेव्हा लांबणीवर टाकायला कारण उरलेलं नाही. नावं घातलेली नाहीत. तुम्ही माणसांना नात्याने ओळखता, तेवढं पुरे.

मी नागपूरला इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि लग्न होऊन नाचणगावला आले. तुमच्या आजोबांची नोकरी पुलगावात होती. शेती माझे सासरे पाहत. मी पुलगावच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि रोज पायी जात-येत असे. शेतात कापूस, पुलगावात कापडाची गिरणी, त्यामुळे आमच्याकडे कापडाला तोटा नव्हता. मांजरपाट, लठ्ठा, पॉपलिन, लुगडी, धोतरं, हवं ते मिळे. पण हे सगळं मागावरचं, उभ्या-आडव्या धाग्यांचं. ते ताणलं तर फाटतं, पसरत नाही. तुम्ही ज्याला टी-शर्टचं कापड म्हणता ते स्वेटरसारखं, फासात फास अडकवून विणलेलं असतं, फक्त फार बारीक. आम्ही त्याला होजियरीचं कापड म्हणत असू, आणि आमच्या घरात ते एकाच रूपात येई. पुरुषांचे बनियन.

ते मला बाईच्या अंगासाठी का शोधावं लागलं, ते आता सांगते.

तुमच्या पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, नऊवारी लुगडं नेसत आणि पुढे गाठ मारायची चोळी घालत. तसल्या चोळीला बटण नसतं. बाह्या दंडाला घट्ट असतात आणि पुढची दोन टोकं छातीखाली आवळून गाठ मारायची असते. एका वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत त्या बंडीतून, म्हणजे बैलगाडीतून, उतरताना डाव्या खांद्यावर पडल्या. हाड बसवलं, जुळलं, पण हात पूर्वीसारखा झाला नाही. कमरेपाशी तो काम करी. लुगडं त्या स्वतः नेसत, वेळ लागे, पण नेसत. छातीच्या वर मात्र हात जाईना आणि मागेही वळेना. घट्ट बाही चढवणं आणि गाठ आवळणं त्यांना जमेना.

रोज सकाळी शाळेला निघण्याआधी मी त्यांना चोळी घालून देऊ लागले. त्या भिंतीकडे तोंड करून बसत. पहिल्या दिवशी त्या एकच वाक्य बोलल्या.

"दुसऱ्याच्या हातानं गाठ बांधून घेते ते लेकरू, नाई तं मढं."

एकदा शाळेत परीक्षा होती आणि मी नेहमीपेक्षा लवकर गेले. त्या तेव्हा अंघोळीला बसायच्या होत्या. दुपारी परत आले तर त्या आतल्या खोलीत अंगावर पदर घट्ट लपेटून बसलेल्या होत्या. जेवल्या नव्हत्या. शेजारणीने दोनदा हाक मारली होती, तिला त्यांनी दाराबाहेरूनच परत पाठवलं होतं. मी गाठ बांधली. त्या उठल्या, बाहेर आल्या आणि सरळ चुलीपाशी गेल्या.

माघात त्यांचा भाऊ अल्लीपूरहून लग्नाचं सांगायला आला. त्याच्या नातीचं लग्न वैशाखात होतं.

"आठ दिस आधी येजो, बाई," तो म्हणाला. "तू नसली तं हळद कोन दळन?"

"येतो ना," त्या म्हणाल्या. तो गेल्यावर त्यांनी त्याच्या चहाचा कप उचलला आणि मला सांगितलं, "मी नाई जात."

"का?"

"आठ दिस शाळा सोडून येतं का तू माह्यासंग? गाठ बांधाले?"

"तिथे तुमच्या भावजय आहेत."

"तिच्या हातानं?" त्या म्हणाल्या. "मंग तं ते जन्मभर सांगन."

त्यांना माहेरी जायचं होतं. भावाच्या घरातलं ते पहिलं नातवंडाचं लग्न होतं, आणि त्या घरात त्यांच्यापेक्षा वडील बाई उरलेली नव्हती. हे मला समजत होतं. उपाय मात्र दोन दिवसांनी सुचला, तोही दोरीवरचे कपडे काढताना. तुमच्या आजोबांच्या बनियनचा गळा खुंटीला अडकला. मी ओढला, तो वीतभर लांबला, आणि सोडल्यावर होता तसा झाला. असल्या कापडाचं पोलकं शिवलं, गळा मोठा ठेवला, तर गाठ लागणार नव्हती आणि बटणही. आधी अधू हात घालायचा, मग डोकं, मग चांगला हात. उघड्या हवेत उभं राहून मी हे स्वतःच्या अंगावर हातवारे करून पाहिलं. शेजारणीने पाहिलं असावं.

पुलगावातल्या कापडवाल्याकडे बनियन होते, कापड नव्हतं.

"बन्यान म्हंजे जिलबी समजा, मॅडम," तो गादीवरून म्हणाला. "जिलबी मागा, देतो. जिलबीचं पीठ मागाल तं मी कुठून आनू?"

वर्ध्यात एका दुकानात ताणणारं कापड मिळालं. चमकदार, फुलाफुलांचं. मी कडेचा एक धागा मागून घेतला आणि घरी त्याला काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख उरते. हा आक्रसला आणि त्याचा काळा टणक मणी झाला. वैशाखात असलं काही अंगात घालून लग्नघरच्या चुलीपाशी बसवायचं नव्हतं. ते सोडलं.

शेवटी एका रविवारी पॅसेंजरने नागपूरला गेले. इतवारी बाजारात माझ्या वडिलांच्या ओळखीने एक दुकान कळलं होतं. बनियन शिवणाऱ्या लहान कारखान्यांना तिथला दुकानदार माल पुरवी. तिथे दोन गोष्टी नव्याने कळल्या. होजियरीचं कापड मीटरवर नाही, किलोवर विकलं जात होतं. आणि ते पसरलेलं नव्हतं, नळीसारखं गोल होतं, उशीच्या अभ्र्याला दोन्हीकडून तोंड असावं तसं.

मी घरून यादी करून गेले होते. कापड आडवं ताणायचं आणि सोडायचं, परत पूर्ववत येतं का पाहायचं. उजेडासमोर धरायचं, कुठे विरळ पट्टे दिसतात का पाहायचं. कापलेली कड दोन्ही हातांनी ओढायची, फास सुटत खाली धावतो का बघायचं. ओल्या रुमालाने रंग घासायचा. हे सगळं मी चार थानांवर, म्हणजे ताग्यांवर, केलं. दुकानदार बराच वेळ पाहत होता.

"मॅडम, कपडा ले रही हो या बहू पसंद कर रही हो?"

"बहू तो कैसी भी चला लेते हैं," मी म्हणाले. "कपडा नहीं चलता."

त्याने त्यावर आतून पाचवं थान आणलं, आणि ते चांगलं निघालं. हात लावल्यावर थंड, जरा वजनदार, ताणलं तर हळू जाणारं आणि हळू परतणारं. फक्त ते पांढरं होतं, आणि सासूबाई सवाष्ण होत्या, त्या पांढरं पोलकं घालणार नव्हत्या. त्याच विणीचा डाळिंबी रंगाचा एक तुकडा होता, मुलांच्या फ्रॉकच्या मालातून उरलेला. तो एका पोलक्यापुरताच होता. किलोच्या खाली तो विकत नव्हता, म्हणून उरलेलं वजन मी पांढऱ्याने भरलं. म्हटलं, मुलांची झबली होतील.

बांधून देताना तो म्हणाला, "पानी में डालके फिर काटना. वरना धोने के बाद रोओगी."

मी ते माझ्या वहीत लिहून घेतलं. वहीत ते अजून वाचता येतं.

घरी सासूबाईंनी घडी उलगडली.

"हे तं माणसायच्या बन्यानीचं कापड हाय."

"लहान मुलांचे फ्रॉकही शिवतात याचे."

"मी का आखाड्यात उतरून राह्यली, का पाळण्यात झोपून राह्यली?" असं म्हणत त्यांनी तुकड्याखाली चांगला हात घातला आणि पंजा पसरला. कापड पंजाएवढं झालं. त्यांनी मूठ मिटली, ते मुठीएवढं झालं. असं त्यांनी तीन-चारदा केलं आणि तुकडा माझ्याकडे दिला. "शिव," म्हणाल्या.

मी बादली भरली.

"काय करून राह्यली?"

"भिजवते. हे कापड आटतं. आधी आटवून घेतलं की मग..."

"नाई. नवं कापड पयल्यांदा आंगाले कोरंच लागलं पायजे. आधीच धुतलं तं ते उतरेल झालं."

हा त्या घरचा नियम होता. नव्या कापडाला हळदीकुंकवाचं बोट लावायचं, देवापुढे ठेवायचं आणि कोरंच अंगावर चढवायचं. त्याआधी पाणी लागलं तर ते नवं राहत नसे, कुणाच्या अंगावरून उतरलेलं असावं तसं होई. लग्नकार्यासाठी म्हणून शिवलेल्या कापडाला तर हे दुप्पट लागू. मी बादली ओतून दिली.

हे इथे नीट लिहायला हवं. मला माहीत होतं. दुकानदाराने सांगितलं होतं, आणि त्याने सांगितलं नसतं तरी माहीत होतं. मी आणखी एक वाक्य बोलू शकले असते. बोलले नाही, कारण त्यानंतर "इंग्रजी शिकेल हाय ना ते" हे ऐकावं लागलं असतं, आणि त्या दिवशी मला ते ऐकायचं नव्हतं. वडीलधाऱ्यांचा मान राखला असं मी पुढे काही वर्षं सांगत असे. ते खरं नव्हतं.

शिवणंही सोपं गेलं नाही. माझं हातमशीन साध्या टाक्याचं. नवी सुई घातली तर ती फासच तोडी आणि शिवणीच्या कडेने भोकांची रांग पडे. जुनी, टोक जरा झिजलेली सुई लावली तेव्हा ती धाग्यांच्या मधून जाऊ लागली. टाका पडताना कापड किंचित ओढून धरलं, म्हणजे पुढे ताण आल्यावर दोरा तुटत नाही. प्रत्येक शिवण दोनदा मारली. गळा रुंद ठेवला. डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटं सैल ठेवली.

पाडव्याला त्यांनी ते पहिल्यांदा घातलं. हळदीचं बोट लावून आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी बाहेर पुरण वाटत होते. बऱ्याच वेळाने दार उघडलं. डाळिंबी पोलकं अंगावर होतं, थोडं वाकडं, पण होतं. त्या माझ्याकडे न पाहता गुढीकडे गेल्या. त्या दिवशी त्या शेजारच्या तीन घरी जाऊन आल्या, काही काम नसताना.

दुसऱ्या दिवशी मी पोलकं धुतलं. वाळल्यावर दोरीवरून काढतानाच मला दिसलं, ते आटलं होतं. घडी घालून कपाटात ठेवण्याऐवजी मी तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी ओढून-ताणून सरळ केलं आणि ठेवून दिलं.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी ते पुन्हा घालायला घेतलं. आतून हाक आली, माझ्या नावाने नव्हे, नुसती "अवं" अशी. दार आतून लावलेलं नव्हतं. अधू हात कोपरापर्यंत बाहीत गेला होता, डोकं गळ्यात अडकलं होतं आणि कापड ना पुढे जात होतं ना मागे. त्यांना दिसत नव्हतं. मी ओढून पाहिलं, तर त्यांचा खांदा दुखला. शेवटी मी कात्री आणली आणि गळ्यापासून खालपर्यंत कापलं. त्यांनी तोंडावर आलेले केस बाजूला केले.

"मी नाई जात अल्लीपूरले," त्या म्हणाल्या. "भावाले पत्र लिहून दे. हात दुखते म्हनून लिहिजो."

त्यांना लिहिता येत नव्हतं. पत्र मलाच लिहायचं होतं. मी आंतर्देशीय पत्र घेतलं, पत्ता लिहिला आणि मजकूर लिहिला नाही. ते दोन दिवस तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्यापाशी जाऊन बसले.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "कापड आटणार हे मला माहीत होतं. पांढरं कापड शिल्लक आहे. पण ते भिजवल्याशिवाय मी कात्री लावणार नाही."

त्या तूर निवडत होत्या. ताट हलवत राहिल्या.

"पांढरं मी घालत नाई."

"माहीत आहे."

"रंगव ना मंग," त्या म्हणाल्या. "हिरवं रंगव."

मला आधी लक्षात आलं नाही. मी म्हणाले, "रंगवायचं तर पाण्यात बुडवावं लागेल, आणि तुम्ही तर..."

"रंगाचं पानी ते धुण्याचं पानी नोहे. लुगडे रंगाऱ्याकडून रंगवून येत नव्हते का आमचे? कोरेच म्हनत होतो त्यायले." त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "बी.ए. झाली म्हने."

दुसऱ्याच दिवशी पुलगावहून हिरव्या रंगाची पुडी आणली. मोठ्या पातेल्यात मीठ घालून पाणी उकळलं, कापड त्यात तासभर ठेवलं आणि सावलीत वाळवलं. वाळल्यावर मोजलं तर लांबी चांगली चार बोटं कमी झाली होती. एकदा आटलेलं कापड दुसऱ्यांदाही थोडं आटतं, हे कापलेलं डाळिंबी पोलकं पुन्हा धुऊन पाहिल्यामुळे मला आता माहीत होतं.

"रंग जरा फिका आला आहे," मी सासूबाईंना सांगितलं. "आणखी एकदा रंगवते."

रंग फिका आला नव्हता. त्यांनी कापड हातात घेऊन दारापाशी उजेडात धरलं.

"मले तं फिका नाई दिसून राह्यला," त्या म्हणाल्या. मग कापड परत दिलं. "पन रंगव. लागन तं अजून तीनदा रंगव."

मी दोनदा रंगवलं. दुसऱ्या वेळी लांबी अर्ध्या बोटाहून कमी घटली. मग कात्री लावली. पुढचे दहा दिवस त्या दुपारी दार लावून कापलेल्या डाळिंबी पोलक्यावर सराव करत. मी त्याला पुढून मोठा त्रिकोणी तुकडा जोडून दिला होता. हिरव्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. ते कोरं होतं.

लग्नाच्या आठ दिवस आधी भावाने बंडी पाठवली. त्यांनी हिरवं पोलकं घातलं, हळदीचं बोट लावून, आणि गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "लग्नाच्या दिवशीच ये. आधी येशीन तं लोकायले वाटन, गाठ बांधाले आली."

आम्ही लग्नाच्या दिवशीच गेलो. मी पोहोचले तेव्हा सासूबाई मागच्या अंगणात बायकांमध्ये बसल्या होत्या. समोर त्यांची भावजय होती. ती मला पाहून मोठ्याने म्हणाली, "आली का सून! आठ दिस झाले, तुह्या सासूनं एक दिस मले हात लावू देल्ला नाई. म्या म्हटलं, नणंदबाई, अधू हातानं गाठ कशी बांधता? म्हने, गाठ असन तं बांधन."

"मंग?" सासूबाई म्हणाल्या.

भावजयीने पुढे होऊन पोलक्याची कड चिमटीत धरून ओढली. ती लांबली. सोडली, ती परत गेली. बायका हसल्या.

"कायचं कापड हाय वं हे?"

"बन्यानीचं," सासूबाई म्हणाल्या. "माह्या भावाले इचार. तो रोज घालते."

परत येताना बंडीत त्यांनी मला विचारलं, त्या नागपूरवाल्याकडे निळं कापड असतं का.

त्यानंतर मी दर वर्षी त्यांच्यासाठी दोन पोलकी शिवली, नेहमी पांढरं कापड आणून आणि घरी दोनदा रंगवून. एकोणीसशे ऐंशीनंतर वर्ध्यातही होजियरीचं कापड मीटरवर मिळू लागलं, निरनिराळ्या रंगांत. काही चांगलं असे, बरंचसं नसे. पारखायची रीत तीच राहिली. उरलेल्या तुकड्यांची झबली तुमच्या आई-वडिलांनी घातली आहेत. सासूबाई गेल्या तेव्हा ते दशक संपत आलं होतं. शेवटचे दोन महिने सोडले तर पोलकं त्यांनी स्वतःच घातलं.

धाकटीला सांगायचं ते हे. कापड आलं की आधी भिजव, वाळव, पुन्हा भिजव, मग काप. सुई झिजलेली असली तर टाकू नकोस.

हातमशीन अजून चालतं. वहीत डाळिंबी कापडाचा दोन इंचांचा तुकडा टाचणीने लावलेला आहे, टाचणी गंजली आहे. हिरवं पोलकं माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे. डाव्या बाहीच्या शिवणीवर एक ठिगळ आहे, बाकी ते धड आहे.